खांड राखायला बसलेलं गाव

खरं तर आम्ही पक्षी बघायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे चिखल भरपूर आहे आणि पक्षी जवळजवळ नाहीत.

झालं असं, की जानेवारीच्या शेवटी मोबाइलवर एक पान समोर आलं. पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, तिवरांच्या जंगलातून जाणारा लाकडी पूल, होडीतून फेरी, दुपारी गावातल्या बायकांच्या हातचं जेवण. खाली 'आजच नोंदणी करा' असं बटण. मी दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. दिलेला फोनही लागेना. अरविंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "नोंदणी होत नाही, फोन लागत नाही, तरी जायचंय?" मी म्हटलं, गाव कुठे पळून जातंय? शिवाय पेणला जिताडा मासा मिळतो, हे वाक्य मी योग्य वेळी टाकलं. शुक्रवारी सकाळी गाडी रस्त्याला लागली होती.

पुण्याहून जाणार असाल तर जुन्या रस्त्याने खोपोलीपर्यंत उतरा आणि तिथून पेणचा रस्ता धरा. एक्स्प्रेसवेनेही खोपोली गाठता येते, पण टोल भरून घाईत पोचण्यासारखं पुढे काही नाही. मधे गागोदे बुद्रुकला, म्हणजे भूदानवाल्या आचार्यांच्या जन्मगावी, वळायची पाटी लागते, वेळ असेल तर जरूर वळा. आम्ही येताना जाऊ म्हणालो आणि येताना आमची अवस्था अशी होती की कुठेही उतरायची लाज वाटत होती. पेणमध्ये शिरल्यावर आधी पोह्यांची मिरगुंडं आणि पापड घेऊन टाकले. गणपतीच्या कारखान्यांसमोर पांढऱ्या मूर्ती उन्हात ओळीने बसलेल्या होत्या. राहायला बाजारापासून जवळ एक साधी खोली मिळाली, दोघांना मिळून हजाराच्या आसपास, गरम पाणी सकाळी मागितलं तर.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे वाचलंत की कळेल.

गावात शिरताना रंगवलेली कमान आहे. तिच्यावर दोन रोहित पक्षी आणि त्यांच्यामधे कुठल्याशा प्रकल्पाचं लांबलचक नाव, उन्हाने अर्धं उडालेलं. पुढे तिकिटाची खोली, तिला कुलूप. लाकडी पूल पहिल्या वळणापर्यंत धड होता, त्यापुढे फळ्याच नव्हत्या. होडी पालथी घातलेली आणि तिच्यावर कोणाची तरी मासळी सुकत होती. अरविंद त्या मासळीकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कधी गप्प बसायचं ते शिकतो.

तेवढ्यात शेतातून एक बाई लगबगीने आली. चाळिशीची असेल, साडी वर खोचलेली, हातात वालाच्या शेंगा. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलाव का मॅडम? आमी कवापासून वाट बघतंव! फोटो घेयाला आलाव ना?"

"हो," मी म्हटलं. फोटो घ्यायलाच आले होते, त्यात खोटं काय?

"या मग. दाखवतंय."

तिचं नाव सुनंदा. मला वाटलं पक्षी दाखवणार. आम्ही तिच्यामागून बांधावर चढलो. खाडी आणि शेत यांच्यामधे हा मातीचा उंच बांध असतो. एका अंगाला चिखल, तिवरं आणि खारं पाणी, दुसऱ्या अंगाला कापलेल्या भाताची खोडं आणि त्यामधे हिरवागार वाल. मी खूश होऊन फोटो काढत होते. थोडं पुढे गेल्यावर बांधच संपला. म्हणजे आमची गाडी आडवी मावेल एवढा तुटलेला होता, आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होता. अशा तुटलेल्या जागेला तिथे खांड म्हणतात. खांडीच्या दोन्ही कडांना बांबू रोवून लाल फडकी बांधली होती. शेजारी चार बांबूंवर गोणपाट टाकून सावली केली होती आणि सावलीत एक म्हातारेसे गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीच्या पाठीवर तेच कमानीवरचं नाव.

"हे आमचे चुलतसासरे, पांडुरंगकाका," सुनंदा म्हणाली. "खांड राखतात."

"म्हणजे बांध राखतात," मी समजूतदारपणे म्हटलं.

"नाय, खांडच. कोनी भरू नये म्हनून."

मी अरविंदकडे पाहिलं. तो खाडीकडे पाहत होता. मी कडेपाशी वाकून बघायला गेले तर काका खुर्चीतून अर्धे उठले. "त्या अंगाला नको मॅडम! माती घसरंल. उगाच कमी-जास्त व्हयाला नको."

आता मी जे सांगणार आहे ते मला त्या दिवशी एका दमात समजलं नाही. काकांनी सांगितलं, मधे सुनंदाने दुरुस्त केलं, मग बाजूच्या शेतातले दोघे-तिघे येऊन आपापली भर घालून गेले. जमेल तसं सांगते.

पूर्वी बांध गावाचाच होता. खांड पडली की आरोळी जायची आणि घरटी एक माणूस पाटी-फावडं घेऊन बांधावर हजर. याला जोळ म्हणतात. ज्याच्या घरातून कोणी आलं नाही त्याला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागे. मग प्रकल्प आला. तीन वर्षांचा. बांध पोकलेनने मजबूत केला, पाणी सोडायचं दार लोखंडी बसवलं, बाहेरच्या अंगाला तिवरं लावली, लाकडी पूल बांधला, समिती केली, समितीचं बँकेत खातं काढलं. जोळेची गरजच उरली नाही, आरोळी बंद झाली. मग तीन वर्षं संपली. प्रकल्प संपला, त्याच्याबरोबर समिती संपली, खातं बंद झालं. आणि दिवाळीनंतर खांड पडली.

"मग सरकारी कार्यालयात सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितला ना," काका म्हणाले. "ते बोलले, बांध आमी प्रकल्पाला दिला. प्रकल्पवाले बोलले, आमी समितीला दिला. समिती म्हंजे आमीच. पन ती आता हाय कुठं?"

"मग तुम्हीच का भरत नाही? आधी भरत होतात तसं?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच काहीतरी वेडगळ बोलले असावे.

"नवा प्रकल्प येनार हाय ना," सुनंदा म्हणाली. "तुमचाच! मागल्या मिटिंगला सांगून गेल्यात, पाहनी होईपरत हात लावू नका. हाय तसा दाखवायचा. भरलेली खांड दाखवली तर आमाला कोन घेनार?"

म्हणून खुर्ची. म्हणून लाल फडकी. एखादा अतिउत्साही गडी रात्रीत चार पाट्या माती टाकेल आणि गावाचा नंबर घालवेल, या भीतीने गावाने खांडीवर पहारा बसवला होता, नव्या नवरीला जपतात तसा. मला हसू येत होतं आणि ते दाबताना कसंतरीच वाटत होतं.

सुनंदाचं शेत खांडीला लागून पहिलंच होतं. मालक, म्हणजे तिचा नवरा, रोह्याजवळ धाटावला कंपनीत कंत्राटावर, कधी शिफ्ट असते, कधी नसते. घर या शेतावर. "साधी भरती येते ती चरापरत थांबते," ती म्हणाली आणि शेताच्या कडेचा चर दाखवला. "पन खांड आता मोठी झाली, अमाशेचा उधान आयला का सरळ आत. खारा पानी एकदा बसला का तीन वर्सां भात नाय, वाल नाय. आनि तेवढ्यात तिवरं उगवली तर झालाच. तिवर तोडता येत नाय. जमीन आमची, जंगल सरकारचा."

अमावास्या पुढच्याच आठवड्यात होती.

मी हात जोडून सांगितलं, की मी कुठल्याही प्रकल्पाची नाही, पुण्याहून फिरायला आले आहे, ब्लॉग लिहिते. सुनंदा समजुतीने हसली. "मागले पन पैले असाच बोलले व्हते. सहज फिरायला आलंव म्हनून."

तिने शेंगा ओंजळीने माझ्या पिशवीत ओतल्या आणि जुन्या प्रकल्पाच्या मंजिरी मॅडमचा नंबर दिला. त्या आता रोह्याला असतात, त्यांना विचारा, त्या सांगतील तुमच्या लोकांना.

संध्याकाळी पेणच्या एका खाणावळीत अरविंदने तळलेला जिताडा खाल्ला. खरोखर चांगला असतो, काटे कमी, मांस घट्ट. मी मात्र वाद घालत होते, आणि तोही दोन्ही बाजूंनी. तिवरं वाढलेली मला हवीच आहेत, मी त्यासाठीच आले होते. मग ती सुनंदाच्या शेतात वाढली तर मला का नको आहेत? अरविंद म्हणाला, "तू आधी जेव."

दुसऱ्या दिवशी रोह्याला जायचं आमचं तसंही ठरलेलं होतं. पेणहून वडखळ, नागोठणे करत जाता येतं. हायवेचं काम चालू आहे, आणि ते कधी चालू नव्हतं असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. गाडी नको असेल तर दिव्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंत पॅसेंजर आहे, तिकीट चहा-वड्याच्या भावात. रोह्याला कुंडलिकेच्या काठाने फेरी मारली. नदीकाठी बसायला छान जागा केली आहे. पलीकडून धाटावच्या कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं आणत-नेत होत्या आणि वारा फिरला की नाकाला कसलासा वास यायचा, जो मला नवा होता आणि शेजारच्या बाकावरच्या माणसांना जाणवतही नव्हता.

मी फोन केला होता, त्याप्रमाणे मंजिरी शिफ्ट संपवून तिथेच भेटायला आली. तिशीतली, हुशार डोळ्यांची, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. ती मूळची रोह्याचीच, आईवडील दोघंही शिक्षक. प्रकल्पात तीन वर्षं समन्वयक होती. प्रकल्प संपल्यावर धाटावच्या एका कंपनीत सुरक्षा विभागात लागली. मी खांडीची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती कपाळावर हात मारेल. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"काकांना खुर्चीवर बसवलंय?" ती म्हणाली. "ती खुर्ची मी आणली होती."

"पण हात लावू नका असं कोणी सांगितलं त्यांना?"

"मी. दिवाळीनंतर निरोपाची मिटिंग झाली, तेव्हा."

मी बाकावर तिच्याकडे वळून बसले.

"आणि ते खरं आहे हो," ती म्हणाली. "नव्या प्रकल्पात नुकसान बघून गावं निवडणार आहेत. नीट असलेल्या बांधाला कोण विचारतं? मी त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं. तेव्हा खांड एवढीशी होती आणि पाहणी डिसेंबरात होणार होती. मग जानेवारी म्हणाले. आता म्हणतात, लवकरच."

"तोपर्यंत बांध कोणाचा?"

"तोपर्यंत म्हणजे मधल्या काळात. मधल्या काळात कोणाचाच नाही."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की क्षणभर मलाही पटलं. मग मी विचारलं, तू तरी गावकऱ्यांना भरा म्हणून का सांगत नाहीस? ती नदीकडे बघत राहिली.

"कारण मीही थांबलेय," ती म्हणाली. "नव्या प्रकल्पात समन्वयकाची जागा आहे. अर्ज केलाय. माझ्या गावांपैकी एक तरी निवडलं गेलं तर माझा विचार होईल. तीन वर्षं प्रत्येक घरात जेवले मी तिथे. लोकांना नावानिशी ओळखते. आणि आता मी इथे हेल्मेट घातलं की नाही ते बघते." तिचे डोळे भरून आले. मला तिचा राग यायला हवा होता. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, तो मी ठेवलाही, आणि मनात म्हणत होते की ही बाई स्वतःच्या नोकरीसाठी सुनंदाचं शेत बुडवणार आहे. दोन्ही एकाच वेळी.

डोळे पुसून ती म्हणाली, "तुम्ही फोटो काढलेत ना? तारीख, जागा सगळं येतं त्यात?"

"येतं."

"मग भरायला हरकत नसावी. फोटो दाखवता येतील. चालतील बहुतेक."

हे 'बहुतेक' माझ्या डोक्यात रात्रभर घुमत राहिलं.

रविवारी मंजिरीची सुट्टी होती. तिला घेऊन आम्ही पुन्हा गावात गेलो. बातमी आधीच पोचलेली, बांधावर पंचवीस-तीस माणसं. मंजिरीने सांगितलं, की खांड भरा, पुरावा म्हणून फोटो आहेत. यावर आनंद होईल अशी माझी समजूत होती. उलट गलका झाला. एक जण म्हणाला, फोटो कोणाचे, पावण्यांचे? ते चालतात का? दुसरा म्हणाला, एवढे महिने राखली ती काय भरायला? ज्यांची शेतं लांब होती ते थांबा म्हणत होते, कारण नवा प्रकल्प आला तर लोखंडी दार दुरुस्त होणार होतं आणि ते सगळ्यांनाच हवं होतं. तेही चूक नव्हते. मी प्रत्येकाच्या बोलण्यावर मान हलवत होते, शेवटी अरविंदने कोपराने ढोसलं.

काकांनी मंजिरीला विचारलं, "पोरी, तू छातीवर हात ठेवून सांग. भरली तर आमाला घेनार का नाय?"

मंजिरी म्हणाली, "काका, मला नाही माहीत."

सुनंदा बांधावरून खाली उतरली. मला वाटलं रागावून घरी निघाली. ती शेताच्या कडेची पाटी आणि फावडं घेऊन परत आली, खाडीच्या अंगाला उतरली, घट्ट चिखलाचा गोळा कापून पाटीत घातला आणि खांडीत टाकला. भरती येऊन त्याला एका घासात गिळेल एवढासा तो गोळा.

"अगो, एकटीनं काय व्हनार हाय?" कोणीतरी ओरडलं.

"मना म्हायती हाय एकटीनं व्हनार नाय," ती वर न बघता म्हणाली. "म्हनून काय बसू?"

तिने दुसरी पाटी भरली. तिसरी. तिच्याकडे बघवत नव्हतं. मग पांडुरंगकाका उठले, लाल फडक्याचा बांबू उपटला, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि गावाच्या दिशेने आरोळी ठोकली. शब्द असे काही नव्हते, नुसता लांब आवाज. तरणी माणसं चमकून बघायला लागली, कारण प्रकल्प आल्यापासून ती आरोळी त्यांनी ऐकली नव्हती. पण घरातल्या माणसांनी ओळखली असणार, कारण थोड्याच वेळात वाटेवरून माणसं येताना दिसली, पाट्या डोक्यावर पालथ्या घातलेली.

ओहोटी होती, ती संपायच्या आत उरकायचं होतं. दोन ओळी झाल्या. बांबू ठोकले, पेंढा टाकला, वर चिखल, पुन्हा पेंढा, पुन्हा चिखल. मी ओळीत उभी राहिले. मंजिरी माझ्या पुढे, कोपरापर्यंत काळी. अरविंदने पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना दमाने घ्या असा सल्ला दिला आणि नंतर स्वतःच कंबर धरून काकांच्या खुर्चीत बसला. लांबच्या शेतांचे मालकही आले होते, कुरकुरत का होईना. पाणी चढायला लागलं तेव्हा खांड भरलेली होती. कच्ची होती, पण होती.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि ज्यांना हवा त्यांना सुका जवळा. पैसे विचारले तर सुनंदाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाकीट परत ठेवलं. निघताना मंजिरी गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. तिला पेण स्टेशनवर सोडलं. "मी बरोबर केलं ना?" तिने उतरताना विचारलं. मी हो म्हटलं. मला नक्की माहीत होतं म्हणून नाही.

पुण्याला आल्यावर गाडीच्या सीट धुवायला दिल्या, चिखलाचा वास तरी गेला नाही. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला. उधाण बांधाला धडकून गेलं, एका ठिकाणी पाझरलं, रातोरात चार पाट्या टाकल्या, शेत कोरडं. मी खुर्चीवरून उठून नाचायची बाकी होते.

मार्चमध्ये पुन्हा फोन आला. पाहणी झाली होती. नव्या प्रकल्पाची माणसं आली, बांधावरून चालली, बांध छान आहे म्हणाली. गावकऱ्यांनी मी पाठवलेले खांडीचे फोटो दाखवले. ते म्हणाले, फोटो आमच्या पद्धतीने काढलेले नाहीत. आणि प्रकल्प शेजारच्या गावाला गेला, ज्यांनी आपली खांड शेवटपर्यंत उघडी ठेवली होती. तिथली आठ-दहा शेतं खारी झाली, पण आता त्यांना पक्का बांध मिळेल, दार मिळेल. मंजिरीला नोकरी मिळाली. त्याच शेजारच्या गावासाठी.

"दोन घरां सोडली तर माझ्याशी कोन धड बोलत नाय," सुनंदा म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती. "बोलतात, हिच्या वालापायी गावाचा प्रकल्प गेला. खरा सांग गो ताई, मी चुकले काय?"

पहिल्यांदाच तिने मला मॅडम म्हटलं नव्हतं. तू बरोबर होतीस म्हणावं तर लोखंडी दार गंजतंय आणि ते आता कोणी बदलणार नाही. चुकलीस म्हणावं तर तिचा वाल घरात आला आहे. शेजारच्या गावाला शहाणं म्हणावं की वेडं, तेही मला ठरवता येईना. मी विचारलं, "आता बांध कोणाचा?"

"आमचाच. दुसरा कोन घेतो?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आनि ऐक. परत खांड पडली तर मी तुला फोन करनार हाय. तवा कॅमेरा नको आनू. पाटी आन."

अरविंदने विचारलं, कोणाचा फोन होता, काय झालं? मी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबले, कारण ही चांगली बातमी म्हणून सांगायची की वाईट, ते माझं ठरलेलंच नव्हतं.